उजव्या बाजूचा खिसा

माझे संपूर्ण नाव नारायण ज्ञानोबा तांबवेकर. वय ब्याऐंशी वर्षे पूर्ण. शालेय शिक्षण इयत्ता चौथी. पुढील शिक्षण मिरजेच्या वाचनालयातील अकरा कपाटांत, डावीकडून उजवीकडे, एकही कपाट न वगळता.

माणूस एका जागी दहा वर्षे इस्त्री फिरवीत उभा राहिला, की त्याच्याजवळ दोन गोष्टी साठतात. पायांतील शिरा आणि किस्से. शिरांवर डॉक्टरांनी उपाय केला. किश्श्यांवर उपाय एकच, ते लिहून मोकळे होणे.

सत्तरच्या दशकात मी मिरजेतील ज्या दुकानात इस्त्रीला होतो, तेथे जुन्या कपड्यांचे नवे कपडे करून मिळत. वडिलांच्या धोतराचे मुलाचे सदरे, दोन विटक्या लुगड्यांचे एक देखणे परकर-पोलके, फाटक्या कॉलरची उलटून केलेली कोरी कॉलर. दुकान कौसल्याताई कांबळे यांचे. त्यांचे यजमान शिवराम हे फौजेतून निवृत्त झालेले शिंपी-हवालदार. तेही दुसऱ्या मशीनवर बसत. कापण्याचे डोके मात्र ताईंचे. हवालदार स्वतःच सांगत, "कमांड तिची. आपण फक्त पाय मारायचा!"

दुकानावर फलक होता, आणि त्यावर मीच अक्षरे काढली होती : 'जुन्या वस्त्रांचे नूतनीकरण करून मिळेल'. या ओळीच्या वर हातभर जागा कोरी होती. ती जागा ताईंच्या नावाची. पण इमारत ज्यांची, त्या चेअरमनसाहेबांनी (कशाचे चेअरमन, ते लिहिण्याचे कारण नाही, आमच्या भागात तो पदापेक्षा स्वभाव अधिक असतो) दुकान देतानाच अट घातली होती. "नाव कशाला पायजे, ताई? काम बोलतंय की! आडनाव वाचून गिऱ्हाईक उंबऱ्यावरनं माघारी जाईल. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

ताई त्यावर एवढेच म्हणाल्या, "तांबवेकर, जागा सोडून लिवा."

मी सोडली. मोजून एक हात.

* * *

'नूतनीकरण' हा शब्द माझा. हवालदारांना तो पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे, 'ओल्ड का न्यू' असे लिहा, फौजेत सगळ्यांना कळते. मी म्हटले, ही फौज नव्हे, मिरज आहे.

पहिले गिऱ्हाईक आले ते कडेगावचे एक म्हातारे गृहस्थ. सकाळपासून ओट्यावर बसून होते. कामाचे विचारले, तर त्यांनी बंडीच्या आतून घडी केलेला कागद काढला. रेडिओचे लायसन!

"मुदत संपलीया. नूतनीकरण करायचं हाय."

मी त्यांना पोस्टाचा रस्ता समजावून सांगू लागलो. एवढ्यात ताईंनी मान वर करून त्यांच्या गळ्याकडे पाहिले. सदऱ्याच्या कॉलरचे सूत सुटून दाढीला लागत होते.

"मामा, पोस्ट कुटं जातंय पळून? सदरा उतरवा आधी."

अर्ध्या तासात कॉलर उलटून कोरी झाली. म्हाताऱ्याने मानेवरून हात फिरवला, फलकाकडे पाहिले आणि मला म्हणाले, "तुमच्यापरीस ही बाई बरी. तुमी नुसतं लिवलंय, तिनं केलं!"

मग त्यांनी विचारले, "हिचं नाव काय म्हनायचं? गावात सांगाया पायजे. वर तर काय लिवलेलंच न्हाई."

त्या वर्षात हा प्रश्न विचारणारे ते पहिले. शेवटचे नव्हेत.

* * *

आमच्या दुकानाला दोन दारे होती. पुढचे रस्त्यावर, मागचे बोळात. जुन्याचे नवे करून घेणारा मनुष्य पुढच्या दाराने कधी येत नसे. बड्या घरचा तर नाहीच. कपडे पिशवीत, पिशवीवर भाजी, भाजीवर पदर, अशी सारी रचना करून मंडळी बोळातून येत.

एका लग्नसराईत शहरातील एका नामवंत घराण्यातील थोरल्या बाई मागच्या दाराने आल्या. दिराच्या मुलीच्या लग्नात नेसायचे लुगडे, जुन्याचे काठ काढून नव्या अंगावर बसवायचे होते. "घरात कुण्णाला कळता कामा नये!" ताईंनी मान हलविली. बाई वळल्या, तो दारात त्यांच्या धाकट्या जाऊबाई उभ्या! हातात पिशवी, पिशवीवर मेथी.

दोघी क्षणभर एकमेकींच्या भाजीकडे पाहत राहिल्या.

"मी आपली सहज आले होते," थोरल्या म्हणाल्या.

"मी पण सहजच," धाकट्या म्हणाल्या.

त्याच वेळी त्यांच्या मागून, डोक्यावरून पदर घेऊन, मोलकरणीने हाताला धरून चालवीत आणलेल्या सासूबाई आत आल्या. त्यांच्याजवळ भाजीसुद्धा नव्हती. उघडे गाठोडेच होते!

हवालदारांनी मशीन थांबवून पुढच्या ओस ओट्याकडे पाहिले, मग मागच्या गर्दीकडे पाहिले आणि म्हणाले, "फ्रंट पे कोई नहीं. अख्खी कंपनी पिछाडीला!"

* * *

ताईंचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या कापडाचा एक तुकडाही दुकानात राहता कामा नये. कात्रण, जुनी बटणे, उसवलेले हूक, सर्व काही पुरचुंडीत बांधून, वर माझ्या हस्ताक्षरातील चिठ्ठी खोचून परत जाई. 'चिंध्या सात, बटणे तीन.' मी चिठ्ठीखाली पूर्णविरामही देत असे.

एकदा एका वकिलांच्या पत्नीने चांगला रेशमी तुकडा टेबलावरच सोडला. "ठेव गं तुझ्या मुलीला. झंपर होईल तिचं."

ताई उठून त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत गेल्या आणि तुकडा पिशवीत घालून आल्या. बाईंना राग आला. मलाही ते थोडे उद्धटपणाचे वाटले आणि मी तसे बोलून दाखविले.

ताईंनी कात्री खाली ठेवली. "तांबवेकर, माझ्या सासऱ्यांनी छप्पन सालच्या दीक्षेनंतर गावाचं उतरलेलं अंगावर घालायचं सोडलं. त्या दिवशी जे अंगात हुतं, ते बी उतरवून ज्याचं त्याला दिलं, आन् उघड्या अंगानं घरला आले. थंडीचे दिवस हुते. ते त्यांनी पुढच्या दारानं भाईर टाकलं, ते मी मागच्या दारानं घरात आणू व्हय?"

मी अकरा कपाटे वाचली होती. हे बारावे होते.

परंतु नियमाचे परिणाम आमच्या हातात नसतात. ब्राह्मणपुरीतील एका काकूंनी पुरचुंडी घरी नेऊन उघडली. आत काळ्या दोऱ्याने बांधलेल्या चिंध्या, तीन हाडाची बटणे आणि एक चिठ्ठी. काकूंना अक्षर लागले नाही, कारण चष्मा नव्हता. त्यांनी ते करणी म्हणून तिठ्यावर नेऊन टाकले.

चार दिवस त्या तिठ्यावर कोणी पाय ठेवला नाही. सायकलवाले उतरून, सायकल हातात धरून, वळसा घालून जात. पाचव्या दिवशी पुरचुंडीजवळ कोणीतरी लिंबू ठेवले. सहाव्या दिवशी कोंबडीचे अंडे! शेवटी हवालदार गेले, सर्वांसमक्ष पुरचुंडी उचलली आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली :

"चिंध्या सात, बटणं तीन. भूत शून्य!"

लिंबू आणि अंडे तेथेच ठेवले. आमच्या गिऱ्हाइकाचे नव्हते.

* * *

मिरज म्हणजे तंबोऱ्यांचे गाव. तंबोऱ्याला अंगावर चढवायला कापडी गवसणी लागते, आणि एका गवईबुवांनी ती आपल्या दिवंगत वडिलांच्या ओव्हरकोटची करून मागितली. "वडिलांनी मला गाऊ दिलं नाही. आता त्यांनीच सांभाळू दे," असे ते म्हणाले. ताईंनी कोटाचा घाट जवळजवळ तसाच ठेवला. बटणे पुढून, कॉलर वर, भोपळ्याला खाली घेर.

बुवा स्टेशनवर गेले. तंबोरा बाकावर टेकवून ते चहा घेण्यास गेले असता, एका सज्जन प्रवाशाने आपल्या शेजारच्या मुलाला उठविले. "ऊठ रे, आजोबांना नीट बसू दे. कवाधरनं तिरकं बसल्यात!"

बुवांनी हे आम्हांला येऊन सांगितले आणि ओशाळून म्हणाले, "ताई, फार थोरांचं काम आहे हो हे. शिवणाराचं नाव आत कुठं आहे का? बघत होतो."

"न्हाई, बुवा. जागा सोडलीया," ताई म्हणाल्या.

* * *

दुष्काळात आटपाडीकडे दुरून मदतीचे कपडे आले. कोणत्या दयाळू लोकांनी पाठविले, ते त्यांनाच ठाऊक. गठ्ठे फोडले तो आत लोकरीचे जाड कोट, हातमोजे आणि गळ्यात बांधायचे टाय! दोनशेच्या वर! जेथे झाडाला पान नाही आणि दगड दुपारी हातात धरवत नाही, तेथे टाय!

एक सरकारी साहेब ते सर्व ट्रकमधून आमच्याकडे घेऊन आले. "याचं काहीतरी उपयुक्त करा."

ताईंनी कोटांच्या वाकळा केल्या. टाय मात्र त्या दिवसभर हातात धरून बसल्या होत्या. मग गुंडाळून, टाचून, त्यांच्या चुंबळी केल्या. दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांच्या डोक्यासाठी. रेशमी, पट्ट्यापट्ट्यांच्या, ठिपक्यांच्या चुंबळी! तसल्या चुंबळी संस्थानिकांच्या घरीही नसतील.

साहेब कामावर पाहणीस गेले. त्यांच्या कागदावर 'गरजूंनी वस्त्र विहित रीतीने परिधान केले काय?' असा रकाना होता. त्यांनी एका बाईला थांबविले. "हे गळ्यात घालायचं असतं. डोक्यावर का घातलंय?"

बाईने पाटी न उतरविता उत्तर दिले, "सायेब, तुमच्या डोक्यावर काय न्हाई म्हून तुमी गळ्यात घालता. आमच्या डोक्यावर पाटी हाय!"

साहेबांनी रकान्यात 'होय' लिहिले.

किस्सा येथे संपावयास हवा होता; पण नियम तो नियम. ताईंनी दोन पोती कात्रण चिठ्ठीसह सरकारी कचेरीत परत पाठविले. कचेरीचे उत्तर आले : 'चिंध्या स्वीकारण्याची तरतूद नाही.' मी ताईंच्या वतीने उलट लिहिले : 'चिंध्या ठेवून घेण्याची आमचीही तरतूद नाही.' पुढे पत्रव्यवहार बराच वाढला. ती पोती अखेर कचेरीच्या कपाटात गेली, आणि त्या कपाटातील फायली जागेअभावी बाहेर, व्हरांड्यात, पावसात ठेवण्यात आल्या. त्या वर्षी पाऊस नव्हता, ही गोष्ट वेगळी.

* * *

आता चेअरमनसाहेबांच्या कोटाकडे वळतो.

त्यांच्या संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनास मोठे पाहुणे येणार होते. साहेबांजवळ लग्नातील काळा कोट होता. बाहेरून विटून हिरवट झालेला, आतून जसाच्या तसा. ते बोळातून आले. इमारत त्यांची, दुकान त्यांच्या मालकीच्या जागेत, तरीही मागच्याच दाराने!

असा कोट उलटविता येतो. पूर्ण उसवायचा, कापडाची आतली बाजू बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायचा. कोट कोरा दिसतो. फक्त एक गोष्ट लपत नाही. छातीवरचा डावा खिसा उजवीकडे जातो. जाणकार शिंपी पाच हातांवरून ओळखतो, की हा कोट उलटविलेला आहे.

ताईंनी आधीच सांगितले. "आवं साहेब, खिसा उजवीकडं येनार."

"येऊ दे की! खिसा बघायला येत्यात व्हय पावणे?"

पाहुणे खिसाच पाहत राहिले. भाषणे झाल्यावर त्यांनी सर्वांदेखत विचारले, "चेअरमन, तुमचा खिसा उजवीकडे कसा?"

साहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "दिल्लीची नवी फॅशन हाय, साहेब. माणसानं उजव्या हातानं काढावं, उजव्या हातानं द्यावं. डाव्या हाताचा संबंधच न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी, सूर्य उगवण्याच्या सुमारास, मागचे दार वाजले. संस्थेचे एक संचालक. अंगात नवा कोरा कोट. "ताई, खिसा उजवीकडं पायजे. चेअरमनसाहेबांना सांगू नका, त्यांना एकदम दाखवायचाय."

ताईंनी समजाविले. खिसा नुसता हलविता येत नाही. डावीकडे चीर राहते. उजवीकडे हवाच तर अख्खा कोट उलटवावा लागेल, आणि नव्या कापडाची आतली, खरबरीत बाजू बाहेर येईल.

"येऊ दे! उलटवा!"

आठवडाभरात असे सात संचालक आले. प्रत्येक जण एकटा, प्रत्येक जण बोळातून, प्रत्येकाच्या अंगात नवा कोट. आम्ही सात कोरे कोट उसवून जुने करून दिले. हवालदार मशीनवर डोके टेकवून हसत. "आपल्या बोर्डावर उलटं लिवा आता, तांबवेकर. नव्याचे जुने करून मिळेल!"

पुढील सभेत आठ उजवे खिसे एका रांगेत बसले. संचालकांना वाटले, साहेब खूश होतील. साहेबांना घाम फुटला. त्यांना वाटले, साऱ्यांना सारे कळले आहे आणि हे सात जण आपली थट्टा करीत आहेत. ते त्याच दिवशी आमच्याकडे आले.

"ताई, खरं सांगा. ह्यास्नी कळलं कसं? आन् ह्यांचे बी कोट जुनेच हायत का?"

"एकाच्या कापडाचं आमी दुसऱ्याला सांगत न्हाई, साहेब."

"मी मालक हाय ह्या जागेचा!"

"जागेचं विचारा. सांगते."

* * *

साहेबांना आता तो कोट घरात नको होता आणि टाकताही येत नव्हता. त्यांनी तोड काढली. एका सकाळी ते प्रथमच पुढच्या दाराने आले, सातही संचालकांसह. हातात घडी केलेला कोट, त्यावर हार!

"हवालदारसाहेब," ते रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमी देशाची सेवा केलीत. हा माझ्या अंगावरचा कोट तुमच्या अंगावर. नाही म्हनू नका."

संचालकांनी टाळ्या वाजविल्या. हवालदारांचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. त्यांनी कोटाकडे पाहिले नाही, ताईंकडे पाहिले. मी गरम इस्त्री हातात घेऊन तसाच उभा राहिलो. सासऱ्यांची गोष्ट त्या दोघांखेरीज दुकानात मला एकट्याला माहीत होती. जागा साहेबांची. नाही म्हटले तर दुकान जाणार. हो म्हटले तर काय जाणार, ते मी लिहीत नाही.

ताईंनी हार काढून साहेबांच्या हातात परत दिला.

"कोट ठेवा टेबलावर. आठ दिवसांनी न्यायला या."

"न्यायला? आवं, मी दिलाय की!"

"आमच्याकडं कापड आलं की काम करून परत जातंय, साहेब. चिंधीसुदिक ऱ्हात न्हाई. साऱ्या मिरजेला ठावं हाय."

साहेब हसले. संचालकही हसले.

सहा दिवस ताईंनी त्या कोटाला कोणाला हात लावू दिला नाही. सातव्या दिवशी मला बोलाविले. टेबलावर कोटाचे काळे कापड उसवून, सपाट करून पसरले होते. हातात खडू दिला आणि काय लिहायचे ते सांगितले. मी इतकी वर्षे अक्षरे काढली, पण त्या दिवशी खडू दोनदा मोडला.

"घाई करू नका," ताई म्हणाल्या. "वेलांटी-उकार बघून घ्या. एकदाच लिवायचंय."

ठरल्या दिवशी साहेब पुढच्या ओट्यावर आले. सात संचालक मागे, आणि बातमी फुटल्यामुळे अर्धा बोळ त्यांच्या मागे. जाऊबाई होत्या, सासूबाई होत्या, तिठ्यावरच्या काकूही होत्या, आज चष्म्यासकट.

ताईंनी चौकट उचलून साहेबांच्या हातात दिली. कोटाचे पिवळसर साटिनचे अस्तर ताणून बसविलेले. त्यावर कोटाच्याच काळ्या कापडातून कापून, बारीक टाक्यांनी शिवलेली अक्षरे : 'कौसल्या शिवराम कांबळे'. लांबी एक हात, मोजून. आणि अगदी उजव्या टोकाला, जसाच्या तसा, छातीवरचा खिसा.

"तुमचं कापड तुमाला परत, साहेब. उरलेल्या चिंध्या खिशात हायत. चिठ्ठी बी हाय."

संचालकांपैकी एकाने मान पुढे केली. "खिसा उजवीकडं! साहेबांचाच कोट हाय हो!"

"साहेबांचाच!" उरलेले सहा म्हणाले, आणि सातही जणांचे हात नकळत आपापल्या खिशाकडे गेले.

"कापड तुमचं, भिंत तुमची," ताई म्हणाल्या. "घरला न्यायचं तर न्या. हितं लावायचं तर लावा. नाव वाचून गिऱ्हाईक माघारी जातंय का, ते हितंच उभं हाय. इचारा."

साहेबांनी मागे वळून पाहिले. कोणीही माघारी गेले नव्हते. चौकट त्यांनी उजेडाकडे धरली. अक्षरे वाचली. खिशात दोन बोटे घालून चिठ्ठी काढली, तीही वाचली, घडी करून पुन्हा ठेवली. मग वर, फलकावरील कोऱ्या जागेकडे पाहिले.

आणि म्हणाले, "खिळा कुठाय?"

त्यानंतर बोळातील मागचे दार आतून बंद करण्यात आले, आणि सर्व गिऱ्हाइके पुढच्या दाराने येऊ लागली.